कुंडी, बरणी आणि डबा

मराठीत ‘छंद’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. कवितेचा छंद म्हणजे अक्षरांची, मात्रांची बांधणी. आणि माणसाचा छंद म्हणजे त्याची आवड. शाळेत पहिला अर्थ परीक्षेत विचारतात आणि दुसरा नोकरीच्या अर्जात. आमच्या घरात दखनी बोलतात, तिथं याच गोष्टीला ‘शौक’ म्हणतात. शौक हा अरबी शब्द. मुळात त्याचा अर्थ ओढ, जे जवळ नाही त्याची आस. मराठीतली ‘हौस’ही ‘हवस’वरूनच आली, पण मराठीच्या उंबऱ्याच्या आत येईपर्यंत ती पार सोज्वळ झाली. आणि ‘नाद’? पोराला चित्रांचा छंद लागला तर आईबाप पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, कबुतरांचा नाद लागला तर मामाला बोलावून घेतात. गोष्ट एकच, सांगणारा कोण यावर तिचं नाव ठरतं.

आज मला बोलायचं आहे ते घरच्या घरी करता येणाऱ्या तीन गोष्टींबद्दल. कुंड्यांतली बाग, बरणीतलं आंबवणं आणि जुन्या वस्तू जमवणं. पण त्याआधी माझी एक कुरबुर ऐकून घ्या.

बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या परसात दोडकी-कारली लावली. उन्हाळा आला की गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक गाळायचा, तो शिजवायचा आणि सोऱ्यातून कुरडया घालायच्या, हे केलं. लोणची मुरवली, आंबील केली. याला कुणी कधी छंद म्हटलं नाही. ते काम होतं, आणि तेही कुणी न मोजलेलं. एखाद्या साहेबांनी गच्चीवर चार कुंड्या ठेवल्या की मात्र पेपरात फोटो येतो. मग कामाचा छंद होतो तरी कधी? मला वाटतं, ते बिघडलं तरी घराचं काही अडत नाही, तेव्हा. माझ्या आईचं लोणचं नासलं असतं तर वर्षभर भाकरीला तोंडी लावायला काही उरलं नसतं. माझी बरणी बिघडली तर मी ती धुते आणि पुन्हा भरते. ही मोकळीक सगळ्यांना नसते. आमच्या हिंगोली जिल्ह्यात दिवसभर हळदीच्या शेतात खुरपून आलेल्या बाईला ‘बागकाम करा, मन प्रसन्न राहील’ असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि भेटू नये.

आता माझी गोष्ट. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे पती गेले. ते शिक्षक होते. त्या महिन्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात तो महिना येऊन गेला आहे. आमच्यात पती गेल्यावर बाई इद्दत पाळते, ४ महिने १० दिवस. गरजेशिवाय घराबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही, अत्तर-सुरमा-मेंदी लावायची नाही. इद्दतीवर बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ बोललं जातं. मी इथे कुणाची वकिली करत नाही. मला त्या दिवसांत बाहेर जायचंच नव्हतं, एवढंच सांगते. पण सव्वाशेहून जास्त दिवस म्हणजे तितक्याच दुपारी. सकाळ कामात निघून जाते, संध्याकाळी कुणी ना कुणी येतं. दुपारला कुणी वाली नसतो.

लोक म्हणायचे, ‘तुम्ही तर कवयित्री, लिहा. लिहिलं की मन हलकं होतं.’ हे कविता न लिहिणाऱ्यांचं मत आहे. लिहायला बसलं की प्रत्येक शब्द त्याच एका माणसाकडे जायला निघतो. मला शब्दांपासून लांब बसायचं होतं.

घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही अम्मी म्हणतो, ऐंशी पार केलेल्या. मी नवरा गमावला होता आणि त्यांनी पोटचा मुलगा. दोघी एकमेकींसमोर बसायचो आणि त्याचं नाव काढायचं नाही, असं न ठरवता ठरलेलं. अशा घरात बोलायला काहीतरी लागतं. ते गच्चीवर सापडलं.

गच्चीत एक फुटका रांजण होता आणि तेलाचे रिकामे डबे. माती खालच्या अंगणातली, म्हणजे आमची मराठवाड्याची काळी. ही माती कापसाला सोनं, पण कुंडीत घातली की पाण्यानं चिखल आणि उन्हानं दगड. आकसली की कुंडीची कड सोडते, मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. म्हणून दोन भाग काळी माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. डब्याला खिळ्यानं तळाशी भोकं पाडायची, त्यावर खापराचा तुकडा उपडा ठेवायचा. हे सगळं अम्मींनी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून सांगितलं, मी केलं.

पाण्याचा प्रश्न मोठा. नळाला रोज पाणी येत नाही आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वरच असतो. तेव्हा वजूचं पाणी धरायला सुरुवात केली. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात ते पाणी. त्यात साबण नसतो, तेल नसतं. जपून वापरलं तर एका वजूला लिटरभर पुरतं; पाच वेळा, दोघी जणी, म्हणजे दिवसाला आठ-दहा लिटर. वाहत्या नदीच्या काठी बसलं तरी वजूला पाणी वाया घालवू नये, अशी आमच्याकडे शिकवण आहे. कयाधू नदी उन्हाळ्यात पाहिली की ही शिकवण वाळवंटातच का दिली गेली ते कळतं. खाली परात ठेवायची, बादलीत जमवायचं, आणि असरनंतर, म्हणजे ऊन कललं की, वर न्यायचं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी त्यात आणखी. पहिल्यांदा अंबाडी लावली, मग चुका, पुदिना, कोथिंबीर. अंबाडी आठवड्याच्या आत डोकं वर काढते. पायरीवरून आवाज यायचा, ‘इसकू पानी जास्ती हो रा, देख.’ त्या दिवसांत आमच्या घरात बोललं गेलेलं हे सगळ्यात लांब वाक्य असावं.

जूनमध्ये शेजारच्या वहिनींनी कठड्यावरून हळदीचे पाच जेठे गड्डे दिले. त्यांचं शेत वसमत तालुक्यात. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झाला, त्याला स्वतःची अशी ओळख कोणती म्हटलं तर औंढ्याचा नागनाथ, नर्सीचे नामदेव आणि हळद. ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेतकऱ्याला हळद कुंडीत लावणं हा पोरखेळ वाटणार, वहिनींच्या घरातही हसले. तरी लावली. बोटभर खोल, डोळा वर करून. दोन-तीन आठवडे काही दिसत नाही. एके दिवशी मातीतून हिरवी गुंडाळी वर येते, विडी वळल्यासारखी, आणि मग ती उलगडते. पावसाळाभर पानंच पानं.

मला या पिकाची एक गोष्ट पटली. ते घाई करत नाही. आठ-नऊ महिने लागतात. पानं पिवळी पडून वाळेपर्यंत खाली काय आहे ते बघायचं नसतं. मी लावली तेव्हा इद्दतीत होते. काढली फेब्रुवारीत, तेव्हा इद्दत संपून पाच महिने झाले होते. मधल्या काळात पेन्शनची कागदपत्रं, वारसाचा दाखला, बँकेच्या चकरा असं सगळं झालं, आणि रोज संध्याकाळी एकदा वर जाणं चुकलं नाही. सांत्वनाला आलेला माणूस ‘कालचं’ बोलतो. झाड उद्याचं विचारतं, तेही फक्त पाण्यापुरतं. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण दुपारनंतर एक काम असायचं, आणि ते माझ्यासाठी थांबलेलं असायचं.

तीन डब्यांतून सव्वादोन किलो ओली हळद निघाली. ती शिजवली. वाफेला मातकट वास येतो आणि काडी सहज आत गेली की शिजली समजायचं. पंधरा दिवस गच्चीवर वाळवली, गोणपाटात घालून घासली. ओल्या पाच किलोची वाळून साधारण एक किलो राहते. आमची झाली साडेचारशे ग्रॅम. आता ही हळद द्यायची कुणाला? विधवेनं लावलेली, विधवेनं वाळवलेली. आमच्या लग्नांतही हळद असते आणि तिथेही अशा बाईला जरा मागंच बसवतात. हे पाप एकाच धर्माच्या माथी मारता येणार नाही. त्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि मग सरकारनंही इतर गावांनी तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. बातमी टीव्हीवर वहिनींच्याच घरात पाहिली. त्यांनी काही भाषण केलं नाही. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी माझ्याकडून वाटीभर हळद मागून नेली आणि वाटी परत करताना त्यात तिळगूळ होता. मी हे लिहून ठेवलं नाही, आज पहिल्यांदाच सांगते आहे.

बरणीकडे वळू. तिचं शास्त्र मला फार आवडतं, कारण त्यात आपण जवळजवळ काहीच करत नाही. कोवळ्या मिरच्या, गाजराचे-मुळ्याचे तुकडे काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरायचे. पितळ-तांब्याच्या भांड्यात नाही, ते कळकतं. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, थोडी कुटलेली मोहरी. तुकडे पाण्याखाली बुडालेले राहिले पाहिजेत, म्हणून वर धुतलेला गुळगुळीत दगड. झाकण ढिलं. भाजीच्या सालीवर लाखो जिवाणू असतातच. खारट पाण्यात आणि हवेविना त्यांतले नासवणारे मागे पडतात आणि आंबवणारे पुढे येतात. ते भाजीतली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्या आंबटपणात नासवणाऱ्यांना मग पायच ठेवता येत नाही. उन्हाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसतात, थंडीत आठवडा लागतो. पाणी गढूळ झालं तर घाबरायचं नाही. काळी-हिरवी बुरशी आली तर मात्र मोह न धरता फेकून द्यायचं.

हे जिवाणू पहिल्यांदा पाहणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हता, हेही सांगायला हवं. लेव्हेनहूक हा हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी. काचेची भिंगं घासायचा त्याला नाद, आणि त्या नादापायी १६७०च्या दशकात त्यानं पाण्याच्या थेंबात हलणारे जीव पाहिले. दूध आंबतं ते जिवंत सूक्ष्मजीवांमुळे, हे पाश्चरनं १८५७ मध्ये मांडलं. माझी आई यांतलं काहीही न ऐकता ताकात ज्वारीचं पीठ कालवून रात्रभर ठेवायची आणि सकाळी आंबील करायची. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात जी आंबील पितात, तीही याच घराण्यातली.

बरणीशेजारी मी रात्री कान लावून बसते, हे माझ्या मुलाला विचित्र वाटतं. बुडबुड्यांचा आवाज येतो, अगदी बारीक. रिकाम्या घरात कुणीतरी स्वतःशी गुणगुणावं तसा.

छंदानं माणूस खरंच सुखी होतो का, यावर अभ्यास झाले आहेत. २०२३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी १६ देशांतल्या, पासष्टी गाठलेल्या ९३ हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली. ज्यांना छंद होता, त्यांच्यात उदासीची लक्षणं कमी आणि समाधान जास्त आढळलं. त्यांत भारत नव्हता. शिवाय ज्याची तब्येत बरी, हातात दोन पैसे, तोच छंद करतो, असंही असू शकतं. संशोधकांनी यातला शक्य तेवढा हिशेब धरला आहे, पण असे आकडे कारण आणि परिणाम पूर्ण वेगळे करून दाखवत नाहीत. नेदरलँड्समधला २०११ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. तीस लोकांना आधी ताण येईल असं काम दिलं, मग निम्म्यांना अर्धा तास बागेत काम करायला लावलं आणि निम्म्यांना खोलीत वाचायला बसवलं. ताणाचं संप्रेरक दोन्हींकडे उतरलं, पण बागेत जास्त उतरलं. पुस्तकं लिहिणाऱ्या बाईनं हे सांगणं तसं धंद्याच्या विरुद्ध आहे.

राहता राहिला डबा. हा छंद माझा नव्हे, यांचा. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, आत पाकिटं, पाकिटांत नाणी. बहुतेक निजामाच्या राज्यातली. आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाचं चलन वेगळं, हाली सिक्का. सहा इंग्रजी रुपयांना सात हाली. संस्थान गेलं तरी हे नाणं लगेच गेलं नाही, १९५९पर्यंत चाललं. चांदीच्या रुपयावर चारमिनार आहे आणि चारमिनारच्या कमानीत उर्दूतलं ‘ऐन’ हे अक्षर, उस्मान अलींचं आद्याक्षर. राजानं स्वतःचा चेहरा न छापता एक अक्षर दारात उभं केलं, याचं मला कवयित्री म्हणून कौतुक वाटतं. राज्यकर्ता म्हणून त्यांचा हिशेब वेगळा. भोकाचा पैसाही आहे, तो इंग्रजांचा, १९४३ ते ४७चा. युद्धात तांबं वाचवायला मधोमध भोक पाडलं. लहान मुलं तो करदोट्यात ओवायची.

अम्मींना आता दिसायला कमी झालंय, पण नाणी त्यांना बोटानं कळतात. चारमिनार अंगठ्याला लागतो. डबा पहिल्यांदा उघडला त्या दिवशी त्यांनी एक रुपया तळहातावर घेतला आणि लहानपणी बाजारात सात-सहाचा हिशेब बापाच्या पाठीमागे उभं राहून कसा शिकल्या ते सांगितलं. मग त्यांच्या मुलानं पहिलं नाणं कुठून आणलं ते सांगितलं. तो चौथीत होता, गोट्या देऊन आणलं होतं. दोन वर्षांनी त्या घरात त्याच्याबद्दल दोन बायका बोलत होत्या, आणि हसत होत्या.

जमवणाऱ्या माणसाचा विषय निघाला की पुण्याचे दिनकर केळकर आठवतात. १८९६चा जन्म, १९९०ला गेले. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहायचे. त्यांचा राजा नावाचा मुलगा सातव्या वर्षी गेला. पुढे आयुष्यभर ते गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दारं, कुलपं, वाद्यं जमवत राहिले आणि त्या संग्रहालयाला मुलाचं नाव दिलं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून तिथं पुन्हा उभे केले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. ज्या घरात वीस हजार वस्तू येतात, त्या घरातल्या बाईचं नाव आवर्जून घ्यावं. तिथले अडकित्ते बघताना मला वाटलं, यात सुपारीचा काय संबंध? एका मुलाला जागा करून द्यायची होती, ती वस्तूंनी भरली.

पण सगळं जमवणं असं शोकातून येतं, असंही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं जपलं, त्यांना २०२०चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्यांचा संग्रह दरवर्षी मातीत जातो आणि वाढून परत येतो. नाण्याला ही सोय नाही.

मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याचं म्हणणं, विकून टाकू, जाणकाराच्या हातात पडेल. त्याचं चूक नाही. वहिनींचं म्हणणं, निदान चिंच-मीठ लावून घासा तरी, लखलखतील. तेवढं मात्र मी करू देत नाही, कारण जुनं नाणं घासलं की त्याच्यावरचा काळाचा थर जातो आणि किंमतही जाते. मी एवढंच केलं, भिंग आणलं. हैदराबादी नाण्यांवर हिजरी साल असतं, ते उर्दू आकड्यांत. १३६१ दिसलं की १९४२ साल समजायचं. वाचायचं, वहीत मांडायचं, कागदात गुंडाळून परत ठेवायचं. यांनी बरीचशी पाकिटं नीट लावून ठेवलेली होती, साल, धातू, कुठून मिळालं, सगळं शिक्षकी अक्षरात. एकाच पाकिटावर फक्त ‘तपासायचे’ लिहिलं आहे. त्यातली काही नाणी इतकी झिजली आहेत की साल कळायला दोन-दोन दुपारी जातात. पूर्वी दुपार सरत नसे, आता पुरत नाही. त्या पाकिटातली सदतीस नाणी अजून राहिली आहेत, आणि तोवर डबा विकायचा नाही, असं मी मुलाला सांगितलं आहे.